उंबरठ्याची उंची

आमच्या इमारतीत रस्त्यापासून माझ्या दारापर्यंत ५४ पायऱ्या आहेत. जोत्याच्या तीन आणि पुढे प्रत्येक मजल्याच्या सतरा. २०१४च्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हा ती ८४ वर्षांची होती. रुग्णवाहिकेबरोबर आलेली दोन माणसे स्ट्रेचर घेऊन वर आली खरी, पण जिन्याच्या वळणावर ते काही वळेना. अखेर हातांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत तिला बसवले, जुन्या लुगड्याने खुर्चीला बांधले आणि चौघांनी मिळून खाली नेले. प्रत्येक वळणावर ती फक्त ‘अरे, हळू’ म्हणत होती.

तो जिना मी काढलेला होता. १९७५पासून मी पुण्यातल्या एका वास्तुविशारदाच्या कचेरीत आरेखक होतो. आमच्या सोसायटीचे नकाशेही त्याच कचेरीतून गेले. १९८१ साली ट्रेसिंग पेपरवर जिन्याचा छेद काढताना पायरी किती इंच, कठडा किती उंच, हे सारे मी नेमाने लिहिले. या वळणावरून कधी माणूस आडवा न्यावा लागेल, हे मनात आले नाही. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो.

निवृत्तीनंतर जुन्या घरांचे नकाशे जमवण्याचा नाद लागला होता. आईच्या पडण्यानंतर त्या नकाशांकडे मी एक प्रश्न घेऊन पाहू लागलो. आपल्याकडे म्हातारी आणि अपंग माणसे घरात कशी राहत आली? त्यांच्यासाठी घर कोणी, कधी आणि किती बदलले? गेल्या काही वर्षांत जे हाती लागले ते इथे मांडतो. त्याचा निष्कर्ष आधीच सांगून टाकायला हरकत नाही. घर जवळजवळ कधीच बदलले नाही. घरातले दुसरे कोणीतरी माणूस वाकत राहिले, आणि ते वाकले म्हणूनच घर बदलण्याची गरज कोणाला भासली नाही.

*

सुरुवात वाड्यापासून करू. मी जेवढे वाड्यांचे नकाशे पाहिले, त्यांत देवघर असते, कोठीघर असते, गोठा असतो, बाळंतिणीची खोलीही असते. म्हाताऱ्या माणसाची म्हणून वेगळी खोली मला दिसली नाही. तशी ती लागतही नसावी, असे आपण मानतो. म्हाताऱ्या पुरुषाची जागा ओसरीवर होती. रस्ता दिसायचा, येणारा-जाणारा दोन शब्द बोलायचा, आणि सगळे तळमजल्यावर असल्याने चढ-उतार नसे. या एका बाबतीत वाडा आमच्या फ्लॅटपेक्षा शहाणा होता, हे कबूल केले पाहिजे. म्हातारी बाई मात्र माजघरात किंवा त्यामागच्या अंधाऱ्या खोलीत असे. तिच्या वाट्याला रस्ता नव्हता.

वरच्या मजल्याचा जिना भिंतीच्या पोटात, उभा आणि अरुंद. धरायला वरून सोडलेला काथ्याचा दोर. आज ज्याला आपण आधारदांडा म्हणतो, त्याचा आपल्याकडचा पूर्वज हा दोरच म्हणावा लागेल. पण तो तरण्यांसाठीच होता. गुडघे गेलेला माणूस वर जायचे सोडून देई.

खरी अडचण मागच्या अंगणात होती. संडास टोपलीचे असत. खाली टोपली बसावी आणि भंग्याला ती मागून काढता यावी म्हणून बसण्याची जागा चार-पाच पायऱ्या उंच. म्हणजे घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला सर्वांत अवघड चढण रोज चढायला लागे. आणि ती टोपली डोक्यावरून वाहून नेणाऱ्या माणसाच्या पाठीचा हिशेब तर कोणत्याच घराने ठेवला नाही.

१९६६ साली सदाशिव पेठेतल्या आमच्या भाड्याच्या बिऱ्हाडात आजीला अर्धांगवायूचा झटका आला. ती त्यानंतर सात वर्षे जगली. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि मला आठवते ती खाटेवरची आजी, तिच्या गोधडीचा वास आणि रामरक्षा. घर तिच्यासाठी बदलले का, असे मी पुढे आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, “बदललं की. सुताराकडून एका जुन्या खुर्चीची बैठक मधोमध कापून घेतली आणि खाली बादली ठेवली.” एवढीच दुरुस्ती. मग जरा थांबून म्हणाली, “तिला खुर्चीत बसवायचं कोण, ते नाही विचारलंस.”

बसवायची आईच. दिवसातून पाच-सहा वेळा, सात वर्षे. मी ते रोज पाहत होतो. तरी त्याला ‘काम’ म्हणावे असे मला वाटले नव्हते.

*

घर नसलेल्यांचे काय होत होते, हे पाहिले की चित्र पुरे होते. पुण्याच्या नवी पेठेत ‘निवारा’ नावाचा वृद्धाश्रम आहे. त्याचे मूळ नाव डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह. १८६०च्या दशकात, ज्या काळात ससून घराण्याच्या देणगीतून शहरात रुग्णालय उभे राहत होते त्याच सुमारास, निराधार आणि अपंग लोकांसाठी ही संस्था निघाली. आज सरकारी कागदांत ‘दिव्यांग’ लिहितात. त्याआधी ‘अपंग’ होते, आणि त्याही आधी ‘पंगु’. तिन्ही शब्दांचा काळ पाहिलेल्या संस्था फार थोड्या असतील.

दुसरे टोक खडकीला आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना उद्योग शिकवण्यासाठी १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. ती पुढे खडकीत स्थिरावली. त्याच खडकीत १९७४ साली कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र निघाले. चाकाची खुर्ची जिथे फिरायची आहे तिथे उतार हवा, दार रुंद हवे, हे अशा ठिकाणी वेगळे सांगावे लागत नाही.

ही दोन टोके शेजारी ठेवली तर एक गोष्ट लक्षात येते. इमारत बदलली ती ज्याला कुटुंब नाही त्याच्यासाठी, किंवा ज्याचे ऋण राज्यावर आहे त्या सैनिकासाठी. ज्याला कुटुंब होते, त्याच्यासाठी कुटुंब हीच सोय मानली गेली. कुटुंब म्हणजे प्रत्यक्षात घरातली सून किंवा बायको.

*

मुंबईत हाच प्रश्न उभा चढला. १८९६च्या प्लेगनंतर शहर सुधारणेची लाट आली. १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. मग १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडीच्या २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, १६० चौरस फुटांची एक खोली, प्रत्येक मजल्यावर सामाईक संडास. चाळ बांधली ती कामगारासाठी. गिरणी-गोदीत राबणारा धडधाकट माणूस डोळ्यांसमोर होता. तो म्हातारा झाला की गावी जाईल, असे मालकांनी गृहीत धरले होते आणि बऱ्याच अंशी कामगारांनीही. कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांनी मुंबईतली म्हातारपणे कितीतरी वर्षे अशी वाहिली.

जे गावी गेले नाहीत, त्यांना मजल्याच्या टोकापर्यंत चालावे लागे. पण त्या वाटेवर दारे उघडी असत. कोणी म्हातारा भिंत धरून निघाला की कोणीतरी “थांबा आजोबा” म्हणत हात देई. रात्री खोकला वाढला तर शेजारच्या खोलीत कळे. चाळीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. १६० चौरस फुटांत अंथरुणाला खिळलेले माणूस आणि संसार शेजारी शेजारी चालवणे काय असते, ते तिथल्या बायकांना विचारावे. पण माणसावर नजर असणे हीसुद्धा एक सोय असते. चाळीने ती कोणत्याही नकाशाशिवाय दिली. पुढच्या घरांनी ती काढून घेतली आणि त्या बदल्यात दुसरे काही दिले नाही.

*

ती पुढची घरे आमची. १९६०चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा यांनी मध्यमवर्गाला स्वतःच्या घराचे दार उघडून दिले. पुण्यात १९६१च्या पानशेतच्या पुरानेही जुन्या पेठांतून माणसे बाहेर काढली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आमच्या कचेरीतून दर महिन्याला नकाशे जात ते बहुधा एकाच साच्याचे: तळमजला अधिक तीन, फार तर चार. याचे कारण साधे होते. इमारत तेवढ्या उंचीत बसवली की लिफ्टची सक्ती येत नसे. लिफ्ट नाही म्हणजे खर्च नाही, देखभाल नाही, जिन्याभोवतीची जागा वाचली. घेणारेही तरुण. तिसरा मजला उलट पसंतीचा, कारण हवा चांगली, धूळ नाही, चोरांचे भय नाही. तिशीतल्या जोडप्यांनी घेतलेली ती घरे. ती जोडपी एकाच वेळी म्हातारी होणार, हे गणित अवघड नव्हते. आम्ही ते केले नाही.

आतली मापेही तशीच. संडास-बाथरूमचे दार अडीच फुटांचे, आणि चौकट वजा जाता त्याहून कमी. चाकाची खुर्ची सहज जायला साधारण तीन फूट मोकळी रुंदी लागते, आणि ती जागच्या जागी वळवायला सुमारे पाच फुटांचे वर्तुळ. आमच्या बाथरूमची लांबीच पाच फूट होती. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी संगमरवरी पट्टीचा उंबरा. आणि सर्वांत वाईट म्हणजे दार आत उघडणारे. आई पडली ती दारालगत. दार ढकलले की तिलाच लागत होते. बायकोने फटीतून हात घालून तिला सरकायला सांगितले, आणि मोडलेल्या खुब्याने आई अर्धा फूट सरकली, तेव्हा कुठे दार उघडले. दार बाहेर उघडणारे करायला तेवढाच खर्च आला असता. नकाशावर तर तो चाप उलटा काढायचा, एवढेच काम.

शस्त्रक्रियेनंतर आई घरी आली तेव्हा सुतार बोलावून मी लाकडी उंबरठे काढायला सांगितले. आईने हरकत घेतली. “उंबरठ्याशिवाय घर म्हणजे धर्मशाळा.” सुतार अनुभवी होता. म्हणाला, “आजी, मुख्य दाराचा ठेवतो. लक्ष्मी तिथूनच येते. आतल्या दारांतून तुम्ही या.” आई हसली आणि काम झाले. भिंतीला दांडा बसला, कमोड बसला, वॉकर आला. न्हाणीघराचा उंबरा सहा इंच फोडला तेव्हा खालच्या घराच्या छतात ओल उतरली आणि आमचे बोलणे बंद झाले ते झालेच.

लिफ्टचा विषय मी सर्वसाधारण सभेत मांडला. तळमजल्याच्या सभासदांचे म्हणणे होते की वापर नाही तर वर्गणी का. पहिल्या मजल्याचे म्हणणे होते की प्रकाश अडेल. कोणीच वाईट बोलले नाही आणि कोणी हातही वर केला नाही. आई त्यानंतर साडेतीन वर्षे जगली आणि एकूण चार वेळा खाली उतरली. दरवेळी खुर्चीतून.

*

या काळात कायदे काय म्हणत होते? १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईबापांच्या पोषणाची जबाबदारी मुलांवर टाकली, मुलगा-मुलगी दोघांवर. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगी मागणाऱ्यांत आईवडील आले. १९८७ साली कल्याणच्या एका डॉक्टर मुलीविरुद्ध वडिलांनी केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलगीही जबाबदार आहे असा निर्णय दिला. २००७मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा स्वतंत्र कायदा झाला, आणि त्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रमाची तरतूद आली. या साऱ्या कायद्यांनी एकच प्रश्न विचारला: पैसे कोण देणार? घर कसे असावे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत नव्हता.

दुसरी रांग अपंगांच्या कायद्यांची. १९९५चा कायदा, मग २०१६चा, ज्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. उतार, रेलिंग, स्वच्छतागृह यांची सक्ती आली ती सार्वजनिक इमारतींना. एका फुटाला बारा फूट लांबीचा उतार, हे माप आता बँकेच्या दाराशीही दिसते, निदान कागदावर. २०१६च्या कायद्याच्या पाचव्या कलमात अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी घरात मिळणाऱ्या साहाय्यसेवांचाही उल्लेख आहे. मी ते कलम वाचले तेव्हा दोनदा वाचले. घराच्या आत कायद्याने टाकलेले ते पाऊल आहे. पण ती सेवा कोणत्या खिडकीवर मागायची, ते मला कोणी सांगू शकले नाही.

याउलट ब्रिटनमध्ये १९७० साली आल्फ मॉरिस या खासदाराने मांडलेल्या विधेयकाचा कायदा झाला आणि घरात लागणारे फेरबदल करून देण्यात मदत करणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरले. १९९०पासून तिथे त्यासाठी खास अनुदान आहे; इंग्लंडमध्ये त्याची कमाल मर्यादा ३०,००० पौंड. तिथेही रांगा आहेत, तक्रारी आहेत. पण जिना हा त्या माणसाचा खासगी दोष नाही, हे मान्य झालेले आहे.

आपल्याकडे वस्तू मिळतात. २०१७पासून केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना गरीब वृद्धांना काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची देते. २०२४मध्ये महाराष्ट्र शासनाने ६५ वर्षांवरच्या, वर्षाला दोन लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी अशाच साधनांकरिता एकदाच ३,००० रुपये देण्याची योजना काढली. या मदतीला मी कमी लेखत नाही. काठी मिळाली तर माणूस दारापर्यंत जातो. पण भिंतीला दांडा बसवणे, दार रुंद करणे, उंबरा फोडणे यांना त्यात जागा नाही. वस्तू वाटता येतात, मोजता येतात, त्यांचे फोटो निघतात. भिंत ज्याची त्याची.

हे आपल्याला जमत नाही असेही नाही. जयपूरला १९६०च्या दशकाच्या अखेरीस रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी कृत्रिम पाय बनवला, तो उकिडवे बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या, चिखलात राबणाऱ्या माणसासाठी. म्हणजे आपले राहणे कसे आहे हे पाहून त्यांनी पाय घडवला. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. त्या स्वतः सोळाव्या वर्षापासून चाकाच्या खुर्चीवर. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन अनेकांनी वाचले असेल. आपल्या संस्थेची वास्तू कशी असावी हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. केरळात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधारावर घरी शुश्रूषा देणारे जाळे उभे राहिले आणि २००८मध्ये त्या राज्याने त्याचे धोरणच केले. अनुभव असलेला माणूस ठरवण्याच्या जागी बसला की गोष्टी होतात. नकाशा काढणाऱ्याच्या टेबलाशी मात्र तो क्वचितच बसला.

*

आता पुनर्विकासाचे दिवस आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६०च्या जागी ५०० चौरस फूट, घरात संडास, इमारतीला लिफ्ट. शंभर वर्षांची चढण संपली, याचा आनंद खराच. आमच्यासारख्या बिनलिफ्टच्या इमारतीही एकेक करून पडताहेत. पण त्यासाठी दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात काढायला लागतात, आणि लिफ्टची सर्वांत जास्त गरज असलेली माणसे त्या दोन-तीन वर्षांत बरेचदा निघून जातात. आमच्या शेजारच्या सोसायटीत असे तिघे गेले. नव्या इमारतीत त्यांच्या नावाच्या पाट्या मुलांनी लावल्या.

आमच्या सोसायटीचाही प्रस्ताव आला आहे. मी आता ७२ वर्षांचा आहे. आईला साडेतीन वर्षे उचलून माझ्या बायकोच्या मणक्यातली चकती सरकली. तिला आता पट्टा बांधल्याशिवाय बादली उचलता येत नाही. ब्युरोतून बाई ठेवू, असे मी तेव्हा दोनदा म्हणालो होतो. ती “बघू” म्हणाली आणि मी तिथेच सोडून दिले. आजीसाठी आई, आईसाठी ही. दोन्ही वेळा मी घरातच होतो.

गेल्या महिन्यात नव्या इमारतीचे नकाशे सभेत दाखवले. संगणकावर काढलेले, देखणे. आरेखक मुलगी पंचविशीतली असेल. मी जवळ जाऊन विचारले, “बाथरूमचं दार किती?”

“अडीच फूट, काका. स्टँडर्ड आहे.”

“आणि उघडतं कुठे?”

तिने पाहिले. “आत.”

मी तिला आईची गोष्ट सांगितली. तिने लगेच चाप उलटा केला. दहा सेकंदांचे काम. रुंदीचे मात्र तिच्या हातात नव्हते. दार तीन फुटांचे केले तर पलीकडच्या खोलीतले कपाट लहान होते, आणि ते सभासदांना चालणार नाही, असे बिल्डरच्या माणसाने सांगितले. पुढच्या सभेत हा विषय घ्यायचा ठरले आहे. मी बायकोला म्हणालो, या वेळी तूही बोल. ती म्हणाली, “मी टेप घेऊन येते. त्यांना मोजूनच दाखवू.”